गटारी, श्रावण आणि मेंदू : प्रासंगिक अतिपान व मद्यपाश यांतील भेद

आषाढ अमावास्या हा वास्तविक दीपपूजनाचा दिवस. घरातील समया-निरांजने घासून पाटावर मांडावीत, कणकेचे दिवे उकडावेत, असा त्या दिवसाचा आचार. लोकव्यवहारात मात्र त्याच अमावास्येला 'गटारी' हे नाव पडले आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर वर्ज्य करावयाच्या गोष्टींचा एका रात्रीत फडशा पाडण्याची रीत रूढ झाली. प्रतिपदेच्या सकाळी अम्लपित्त, छर्दी व शिरःशूल यांचे रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतात आणि औषधी विक्रेत्यांकडे यकृतावरील सिरपांची मागणी एकाएकी वाढते, हा अनुभव वाचकांपैकी बहुतेकांना असेल.

या रुग्णांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : "वैद्यराज, मी श्रावण कडकडीत पाळतो. व्यसनी माणसाला हे जमेल का?" प्रश्न बिनतोड वाटतो. ज्याला महिनाभर मद्यावाचून राहता येते तो मद्याच्या अधीन नाही, हे बहुतांशी खरेच आहे. परंतु तो अधीन नाही म्हणून त्याच्या मेंदूला अपाय झालेला नाही, हा त्यापुढील निष्कर्ष चुकीचा आहे. याच्या नेमका उलट रुग्णही याच पंधरवड्यात भेटतो. वर्षानुवर्षे रोज पिणारा हा मनुष्य घरच्यांच्या आग्रहाने प्रतिपदेपासून एकदम मद्य बंद करतो आणि त्या सद्‌हेतूनेच मृत्यूच्या दारात जाऊन उभा राहतो. एकाच मद्याने या दोघांच्या मेंदूत घडवलेले बदल निराळे आहेत, त्यांचे धोके निराळ्या वेळी येतात आणि चिकित्सकाचे कर्तव्यही निराळे ठरते. प्रस्तुत लेखाचा विषय हा भेद आहे.

मात्रेचा हिशेब

एकाच बैठकीत, अल्पावधीत, फार मद्य पिण्याला येथे 'प्रासंगिक अतिपान' म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटना गेल्या तीस दिवसांत किमान एकदा, एका प्रसंगी ६० ग्रॅम वा त्याहून अधिक शुद्ध मद्यार्क घेणाऱ्यास या गटात धरते. अमेरिकेतील राष्ट्रीय मद्य संशोधन संस्थेने २००४ साली रक्तातील पातळीवरून व्याख्या केली : दर १०० मि.लि. रक्तात ८० मि.ग्रॅ. मद्यार्क होईल असे पिणे. तेथील मापाने पुरुषाने सुमारे दोन तासांत पाच पेये व स्त्रीने चार पेये घेतली की ही पातळी गाठली जाते.

या आकड्यांना आपल्याकडील मापे लावून पाहावीत. व्हिस्की, रम इत्यादी मद्यांत आपल्याकडे सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. मद्यार्काची घनता ०.७८९ धरल्यास तीस मि.लि.च्या एका पेगमध्ये जवळजवळ दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क येतो. म्हणजेच १८० मि.लि.ची जी बाटली 'क्वार्टर' म्हणून सर्रास एकट्याने संपवली जाते, तीत साठ ग्रॅम भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने अतिपानाची सीमा म्हणून जी रेषा आखली, ती आपल्याकडे अनेकांची किमान मात्रा आहे. आठ टक्के मद्यार्काची ६५० मि.लि.ची 'स्ट्राँग' बिअर घेतली तर एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम होतात. "मी फक्त बिअर घेतो, तीही दोनच बाटल्या," असे सांगणाऱ्याने ती सीमा केव्हाच ओलांडलेली असते.

साठ किलो वजनाच्या पुरुषाने एक क्वार्टर दोन तासांत संपवल्यास त्याच्या रक्तातील पातळी दर १०० मि.लि.मागे साधारण १०० ते १३० मि.ग्रॅ.पर्यंत जाते. मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी ठरवलेली मर्यादा ३० मि.ग्रॅ. आहे. ही पातळी ताशी अंदाजे पंधरा मि.ग्रॅ.नेच उतरते, लिंबूपाणी, कॉफी वा थंड पाण्याची अंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. रात्री अकराला पेला खाली ठेवणारा मनुष्य पहाटे पाचला दुचाकीवर बसतो तेव्हाही तो कायद्याच्या मर्यादेवरच असू शकतो.

मद्यपाश म्हणजे मात्र मात्रा नव्हे. पिण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून मद्याला अग्रक्रम मिळणे आणि शरीराने मद्याची उपस्थिती हीच स्वाभाविक स्थिती मानणे, ही त्याची लक्षणे होत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर अहित द्रव्यच ओकसात्म्य होऊन बसते. हे दोन गट एकच आहेत अशी समजूत पुष्कळ काळ होती. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अतिपान करणाऱ्यांपैकी दहातील नऊ जण मद्यपाशाच्या निकषांत बसत नाहीत असे आढळले. आपल्या देशापुरते पाहिले तर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दहा ते पंच्याहत्तर वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे सोळा कोटी लोक मद्य घेतात. त्यांपैकी मद्यपाशात सापडलेले सुमारे २.९ कोटी. व्यसनमुक्ती केंद्राची वाट मुख्यतः या शेवटच्या गटासाठी आहे. उरलेल्यांतील अतिपान करणारे कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीत. पडलेच तर ते अम्लपित्ताचे रुग्ण म्हणून आपल्याच दृष्टीस पडतात.

एका रात्रीत मेंदूत काय घडते

मेंदूतील पेशींना आवर घालणारा मुख्य रासायनिक दूत गाबा आणि उत्तेजन देणारा मुख्य दूत ग्लुटामेट. मद्यार्क गाबाचे कार्य वाढवतो आणि ग्लुटामेटच्या एनएमडीए नामक ग्राहकांना रोखतो. एकीकडे लगाम खेचला जातो, दुसरीकडे चाबूक काढून घेतला जातो. जोडीला सुखसंवेदनेशी निगडित डोपामिनचा स्राव वाढतो. हे सर्व मात्रेवर तर अवलंबून आहेच. परंतु तितकेच ते पातळी किती वेगाने चढते त्यावर अवलंबून आहे. मद्याच्या दहा गुणांत आशुकारी व व्यवायी हे दोन गुण का गणले, हे येथे सहज ध्यानात यावे.

पातळी झपाट्याने चढली की सर्वप्रथम हिप्पोकॅम्पस हा भाग निकामी होतो. ताज्या अनुभवाचे स्थायी स्मृतीत रूपांतर करणे हे त्याचे काम. तो थांबला तरी मनुष्य बोलत असतो, गाडी चालवतो, भांडतो, बिल चुकते करतो. मात्र त्यातील काहीच नोंदले जात नाही. सकाळी "मी घरी कसा आलो?" हा प्रश्न उरतो. ही झोप नव्हे व मूर्च्छाही नव्हे. त्या कालखंडाची स्मृती तयारच झालेली नसते, म्हणून ती नंतर कितीही आठवण करून दिली तरी परत येत नाही. याचा सौम्य प्रकार असा, की प्रसंगाचे तुकडे तुकडे आठवतात आणि मधले दुवे गळतात. चरकाने मदाच्या दुसऱ्या अवस्थेत स्मृती क्षणात येते व क्षणात जाते असे जे वर्णन केले आहे, ते या तुटक विस्मृतीशी इतके जुळते, की विद्यार्थ्यांना शिकविताना दोन्ही शेजारी ठेवावे.

अमेरिकन संशोधक जेलिनेक याने १९४६ साली अशी विस्मृती हे मद्यपाशाच्या आगमनाचे चिन्ह मानले आणि पुढे अनेक दशके पाठ्यपुस्तकांनी तेच गिरवले. ड्यूक विद्यापीठात २००२ साली ७७२ विद्यार्थ्यांच्या पाहणीत मात्र, ज्यांनी कधी ना कधी मद्य घेतले होते त्यांपैकी निम्म्यांना ही विस्मृती आयुष्यात किमान एकदा आलेली आढळली. ही मुले मद्यपाशी नव्हती. ती भराभर पिणारी होती. तेव्हा रुग्णाने अशी विस्मृती सांगितली तर त्याला 'व्यसनी' ठरवण्याची घाई करू नये आणि व्यसन नाही म्हणून ती हसण्यावारीही नेऊ नये.

एका रात्रीचा परिणाम रात्रीपुरताच असतो का? उंदरांवरील प्रयोगांतून जे हाती आले ते अस्वस्थ करणारे आहे. चार दिवस सतत मद्यार्काची उच्च पातळी ठेवलेल्या उंदरांत घ्राणमार्गाशी निगडित भाग, हिप्पोकॅम्पस व त्याकडे जाणारे वल्क यांतील पेशी मृत झालेल्या आढळल्या. हिप्पोकॅम्पसमध्ये प्रौढ वयातही चालणारी नव्या पेशींची उत्पत्तीही घटली. या संशोधनात फुल्टन क्रूज यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे नाव अग्रणी आहे. कुमारवयीन उंदरांत पुढच्या भागाची हानी प्रौढांहून अधिक होती. मनुष्यावर असा प्रयोग करता येत नाही आणि उंदराला दिलेली मात्राही फार मोठी असते, हे विसरून चालणार नाही. तथापि अतिपान करणाऱ्या किशोरांच्या मेंदूचे चुंबकीय चित्रण केल्यावर श्वेतद्रव्याच्या रचनेत न्यूनता आढळली आहे आणि दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या गटात ललाटखंडातील धूसरद्रव्य अपेक्षेहून वेगाने घटताना दिसले आहे. ललाटखंडाची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. विवेक, संयम व 'आता पुरे' असे स्वतःला सांगण्याची शक्ती ही त्याचीच कार्ये. प्रज्ञापराध हा आपला शब्द येथे योजला तर वावगे होणार नाही; फरक इतकाच, की येथे अपराधाचे साधन प्रज्ञेच्या अधिष्ठानालाच कुरतडत असते.

मद्यपाशातील मेंदू

रोज पिणाऱ्याच्या मेंदूत घडते ते वेगळे. लगाम कायमच खेचलेला आहे असे पाहून मेंदू त्याविरुद्ध उपाय करतो : गाबाचे ग्राहक मंद करतो आणि ग्लुटामेटचे ग्राहक वाढवतो. आता मद्य असेल तरच हा तराजू समतोल राहतो. म्हणून असा मनुष्य क्वार्टर पिऊनही सरळ चालतो व सरळ बोलतो. त्याला सहसा 'चढत नाही' आणि याचा त्याला अभिमानही असतो. वस्तुतः तो व्याधीचा पुरावा असतो.

मद्य एकाएकी काढून घेतले की वाढलेले उत्तेजन मोकाट सुटते. सहा ते आठ तासांत हातांना कंप, स्वेद, हृद्‌द्रव व अनिद्रा ही लक्षणे दिसू लागतात. सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांत काहींना प्रलापावस्था येते : दिशाभूल, भास, तीव्र ज्वर व नाडीची अतिगती. वेळीच उपचार न झाल्यास ही अवस्था प्राणघातक ठरते. प्रासंगिक अतिपान करणाऱ्याचा धोका पेला हातात असताना व त्यानंतरच्या काही तासांत असतो : अपघात, श्वासावरोध, छर्दी श्वासमार्गात जाणे. मद्यपाशी रुग्णाचा सर्वांत मोठा धोका पेला खाली ठेवल्यानंतर तिसऱ्या दिवशी येतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने मद्याची दुकाने एका दिवसात बंद झाली, तेव्हा हा भेद सर्व देशाने पाहिला. शनिवार-रविवार पिणारे चडफडले, यापलीकडे त्यांना फारसे काही झाले नाही. बंगळुरू येथील रुग्णालयांतून मात्र झटके व प्रलाप घेऊन येणाऱ्या मद्यपाशी रुग्णांची संख्या वाढल्याचे अहवाल प्रसिद्ध झाले.

दीर्घकाळच्या मद्यपाशात ललाटखंडाचे आकारमान घटते, लहान मेंदूचा मध्यभाग क्षीण होऊन पाय फाकवून चालण्याची विशिष्ट गती येते. यात मद्यार्काची प्रत्यक्ष विषारी क्रिया आहे तसाच कुपोषणाचाही वाटा आहे. जेवणाऐवजी मद्य, बिघडलेले आंत्रशोषण व थकलेले यकृत या तिन्हींमुळे थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व संपुष्टात येते. त्यातून उद्भवणारी तीव्र अवस्था वेर्निके याने १८८१ साली वर्णिली : नेत्रगतीतील विकृती, चालण्यातील तोल जाणे व मनोविभ्रम. तिच्यातून वाचलेल्या अनेकांना कोर्साकोफ याने १८८७ पासून वर्णिलेली कायमची स्मृतिहानी जडते. रुग्ण नवे काही लक्षात ठेवू शकत नाही आणि रिकाम्या जागा कल्पित हकिगतींनी भरतो. अतिपानातील विस्मृती एका रात्रीची असते, ही उरलेल्या आयुष्याची. येथे आशेची बाजूही नोंदवली पाहिजे. मद्य पूर्ण सोडलेल्यांत मेंदूचे घटलेले आकारमान पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत बऱ्याच अंशी भरून येते. हे कोर्साकोफच्या अवस्थेस क्वचितच लागू पडते.

विच्छिन्नमद्य

आता ग्रंथांकडे वळू. चरकाच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात मदात्ययाचे वातादी भेद सांगून झाल्यावर आचार्य ध्वंसक आणि विक्षय (पाठभेदाने विक्षेपक) या दोन व्याधींचा वेगळा निर्देश करतात. त्यांचा हेतू मोठा लक्षणीय आहे. ज्याने मद्य सोडले होते, तो जेव्हा एकाएकी अतिमात्रेत पितो, तेव्हा हे व्याधी होतात. ध्वंसकात कफप्रसेक, कंठ व मुख यांचा शोष, शब्द सहन न होणे, तंद्रा व अतिनिद्रा. विक्षयात संमोह, छर्दी, अंगमर्द, ज्वर, तृष्णा व शिरःशूल इत्यादी. चिकित्सा वातिक मदात्ययाप्रमाणे. आवाज सहन न होणे हे लक्षण आचार्यांनी टिपले, ही निरीक्षणाची सूक्ष्मता होय. मद्याचा अंमल उतरताना मेंदू अतिसंवेदनशील होतो, हे आपण वर पाहिलेच.

अमेरिकेतील बॅलेंजर व पोस्ट या संशोधकांनी १९७८ साली असे मत मांडले, की मद्य सोडणे व पुन्हा धरणे ही चक्रे जितकी अधिक, तितकी प्रत्येक पुढील वेळची सोडण्याची लक्षणे तीव्र होत जातात. जणू मेंदूला प्रज्वलनाची सवय लागते. ससेक्स विद्यापीठातील थिओडोरा ड्यूका व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सूत्राने अतिपानाचा विचार केला. वारंवार मद्यमुक्ती करून घेतलेले मद्यपाशी रुग्ण आणि तरुण अतिपानी या दोहोंत त्यांना ललाटखंड व भावनांशी निगडित बदामाकृती केंद्र यांच्या कार्यातील समान दोष आढळले. त्यांच्या मते अतिपानातील प्रत्येक 'चढउतार' म्हणजे एक लहानसे मद्यवियोगाचे चक्रच. मद्याची एकूण मात्रा सारखी असली, तरी ती आठवड्यात विभागून घेणे व एका रात्री घेणे ही मेंदूच्या दृष्टीने एक गोष्ट नव्हे.

श्रावण पाळून नंतर एकदम 'सोडणाऱ्या' मनुष्याला विच्छिन्नमद्य म्हणावे की नाही, यावर विद्वानांत मतभेद होऊ शकेल. एवढे खरे, की महिनाभराच्या खंडाने सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा आता अधिक बाधते.

याच अध्यायातील दुसरा विचारही मननीय आहे. मिथ्या, अति व हीन अशा तिन्ही प्रकारच्या पानाने व्याधी होतो आणि सम मात्रेतील मद्यानेच तो शमतो, असे आचार्य सांगतात. अतिपानाने व्याधी होतो हे कोणीही सांगेल. हीन पानानेही होतो, हे म्हणायला मद्य तुटलेला रुग्ण पाहिलेला असावा लागतो. आज रुग्णालयांतून मद्याऐवजी त्याच गाबाच्या मार्गावर कार्य करणारी क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम आदी औषधे प्रथम पुरेशा मात्रेत देऊन पुढे क्रमाने उतरवतात. तत्त्व तेच, आणि अहित सात्म्याचा पादांशिक क्रमाने त्याग करण्याचा सूत्रस्थानातील उपदेशही तोच. मात्र यावरून चरकांना गाबा ठाऊक होता असे प्रतिपादण्याचा मोह आवरावा. तसल्या दाव्यांनी शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही. आचार्यांनी रुग्ण नीट पाहिला होता, हे श्रेय पुरेसे मोठे आहे.

एक चुकलेले निदान

प्रस्तुत लेखकाच्या व्यवसायातील एक प्रसंग येथे सांगणे अवश्य आहे. काही वर्षांपूर्वी नागपंचमीच्या आदल्या सकाळी एका पंचेचाळिशीच्या शेतकऱ्यास घेऊन त्याचे बंधू आले. रात्रभर झोप नाही, हात थरथरतात, आणि भिंतीवरून साप उतरताहेत असे म्हणतो. सण तोंडावर असल्याने घरच्यांनी नागाचा कोप मानून आधी देवऋषी गाठला होता. मी नाडी पाहिली, कंप, अनिद्रा, प्रलाप ही लक्षणे पाहिली, वातप्रकोप ठरवला, अभ्यंग व निद्राजनक कल्प देऊन घरी पाठवले. "दारू घेता का?" हा प्रश्न मी विचारला होता. "छे, श्रावण आहे," असे उत्तर मिळाले आणि मी ते पुरे मानले. शेवटचे कधी घेतले, हा प्रश्न विचारावयाचा राहिला. सायंकाळी त्याला पुन्हा आणले तेव्हा ज्वर चढलेला, नाडी मोजता न येण्याइतकी जलद, आणि तो स्वतःच्या भावालाही ओळखत नव्हता. पंधरा वर्षे रोज पिणारा हा मनुष्य अमावास्येच्या रात्रीनंतर थेंबालाही शिवला नव्हता. जिल्हा रुग्णालयात तो आठ दिवस होता व सुदैवाने वाचला. वातप्रकोप हे माझे निदान शास्त्रतः चुकीचे नव्हते. अपुरे होते, आणि ते अपुरेपण त्याच्या जिवावर बेतले असते.

तेव्हापासून मी "घेता का?" असे विचारत नाही. शेवटचे केव्हा घेतले, त्याआधी रोज घेत होता की आठवड्यातून, एका बैठकीत किती, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, पूर्वी कधी सोडले तेव्हा झटके आले होते का, असे विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' प्रश्नावली यासाठी उपयुक्त आहे. तिचा तिसरा प्रश्न नेमका एका बैठकीतील सहा वा अधिक पेयांविषयी आहे. सकाळचा कंप, पूर्वीचे झटके वा प्रलाप यांपैकी काही आढळल्यास 'आजपासून बंद' असा सल्ला बाह्यरुग्ण विभागात देऊ नये. जेथे अंतर्रुग्ण सुविधा व मनोविकारतज्ज्ञ आहेत तेथे पाठवून मद्य सोडवावे.

एक तिसरा प्रकारही ध्यानात ठेवावा. काही जण महिना महिना मद्याला शिवत नाहीत, पण एकदा बसले की आठ दिवस उठत नाहीत. येथे अतिपान व मद्यपाश एकत्र नांदतात. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या व्याधींच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत मद्यपाशाचे सतत व प्रासंगिक असे दोन्ही प्रकार मान्य केले आहेत. मधल्या कोरड्या महिन्यावरून अशा रुग्णाला निर्धोक समजू नये.

सलाईनविषयी

अतिपानानंतरच्या ग्लानीत "एक सलाईन लावा" ही मागणी ग्रामीण भागात नित्याची आहे. एका रात्रीच्या अतिपानी तरुणाला त्याने सहसा अपाय होत नाही, फायदाही बेताचाच होतो. परंतु दीर्घकाळच्या कुपोषित मद्यपाशी रुग्णास थायामिन न देता केवळ ग्लुकोजची बाटली लावली, तर उरलेसुरले थायामिन ग्लुकोजच्या विनियोगात खर्ची पडून वेर्निकेची अवस्था ओढवू शकते. थायामिन सुईवाटे, ग्लुकोजच्या आधी वा सोबत, हा नियम होय. तोंडावाटे दिलेले अशा रुग्णात फारसे शोषले जात नाही. रक्तशर्करा खरोखर घसरली असेल तर ग्लुकोज रोखून धरायचे नसते, हेही तितकेच महत्त्वाचे. तिन्ही लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये. क्लाइव्ह हार्पर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या शवविच्छेदनमालिकेत सुमारे सोळा टक्के रुग्णांतच तिन्ही नोंदलेली होती. मद्यपाशी मनुष्य गोंधळलेला आहे व तोल जातो आहे, त्याअर्थी 'चढली आहे', हे निदान सर्वांत शेवटी करावे.

आसव-अरिष्टांचा प्रश्न

औषधी विक्रेत्यांनी पुढील भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. आसव-अरिष्टांत संधानाने निर्माण झालेला मद्यार्क सामान्यतः पाच ते दहा टक्के असतो. दहा टक्के धरला तरी वीस मि.लि. मात्रेत दीड ग्रॅमच्या आसपास मद्यार्क जातो. निरोगी मनुष्यात ही मात्रा नगण्य आहे. मद्य सोडलेल्या रुग्णात ती नगण्य नाही, याची कारणे दोन.

पहिले असे, की यांतील अनेक रुग्ण व्यसनमुक्ती केंद्रातून डायसल्फिराम घेत असतात. हे औषध मद्यार्काच्या पचनातील ॲसिटाल्डिहाइडचे पुढील विघटन रोखते. मग अल्प मद्यार्कानेही मुख लाल होणे, हृद्‌द्रव, छर्दी, रक्तदाब कोसळणे असे प्रकार होतात. संवेदनशील रुग्णात अरिष्टाच्या एका मात्रेतील मद्यार्कही त्यास पुरतो आणि हृद्रोग्यात ही प्रतिक्रिया घातक होऊ शकते. औषध बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. दुसरे असे, की मद्याची चव व गंध हीच पुन्हा पिण्याची ठिणगी ठरू शकते. स्मृतिदौर्बल्यासाठी सारस्वतारिष्ट, दौर्बल्यासाठी अश्वगंधारिष्ट अशी योजना आपल्या हातून सवयीने होते. भैषज्यरत्नावलीत मदात्ययाच्या प्रकरणात श्रीखंडासव सांगितले आहे, हे मान्य करूनही माझे मत असे, की ज्याने निर्धाराने मद्य सोडले त्यास कोणतेही संधानकल्प देऊ नयेत. चूर्ण, वटी, क्वाथ, घृत असे पर्याय आपल्याकडे विपुल आहेत. खर्जूरादि मंथ तर मद्यविकारांसाठीच सांगितलेला आहे. मद्य सुटून कफ क्षीण झालेल्या, दुर्बळ रुग्णास आचार्यांनी क्षीरप्रयोग सांगितला, त्यामागे ओजाचा विचार आहे : मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध, तर क्षीराचे ओजाशी समान. तीव्र अवस्था रुग्णालयात सरल्यानंतरचे कित्येक महिने, जेव्हा मेंदू स्वतःला सावरत असतो, तेव्हा आपल्या आहार-निद्रा-रसायन विचाराला खरा वाव आहे.

शेवटी दुकानातील एका मागणीविषयी. "त्याला न कळता जेवणातून देता येईल असे दारू सोडवण्याचे चूर्ण आहे का?" अशी विचारणा घेऊन एखादी स्त्री दुकानात येते. तिची अगतिकता समजण्यासारखी आहे. पण अशा गुप्त चूर्णात डायसल्फिराम असेल आणि नवरा त्या रात्री नेहमीप्रमाणे पिऊन आला, तर काय होईल हे वर आलेच आहे. आणि नसेल, तर ते निष्फळ. विक्रेत्याने नकार द्यावा, पण तिला रिकाम्या हाती परत पाठवू नये. नवरा रोज पितो की सणावारी, सकाळी त्याचे हात थरथरतात का, एवढे तरी विचारून जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राचा वा शासकीय रुग्णालयातील मनोविकार विभागाचा पत्ता कागदावर लिहून द्यावा. श्रावण तोंडावर असेल, तर त्याच कागदावर आणखी एक ओळ असावी : रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना दाखविल्यावाचून एकदम बंद करू नये.